सड्याला हवी पायवाट

मुंबईहून पाच तासांत विजयदुर्ग, तेही पन्नासेक गाड्या पोटात घेऊन जाणाऱ्या रो-रो बोटीने, अशी घोषणा २०२५ मध्ये झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये विजयदुर्ग किल्ला मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एका वर्षात एवढे भाग्य उजळल्यावर पुढच्या मागण्या ठरलेल्याच असतात: रस्ता रुंद करा, वाहनतळ बांधा, पुळणीवर वॉटर स्पोर्ट्स आणा, एखादे मोठे हॉटेल येऊ द्या. यातल्या काही मागण्या रास्त आहेत. पण विजयदुर्ग, रामेश्वर, गिर्ये, पडवणे, फणसे, वाडा या गावांचा मिळून जो भूभाग आहे, उत्तरेला वाघोटणची खाडी, दक्षिणेला वाडातरची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र असा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला, त्याला पर्यटनाच्या नावाने पहिला पैसा द्यायचा असेल तर तो पायवाटेवर खर्च व्हायला हवा. किल्ल्याच्या दरवाजापासून निघून कड्याकडेने, सड्यावरून, पुळणीवरून थेट वाडातरच्या खाडीपर्यंत जाणारी, खुणा केलेली, कायद्याने मान्य केलेली, फक्त पायी चालणाऱ्यांसाठीची वाट. ही हौस म्हणून सुचवलेली गोष्ट नाही. या भूमीचे जे खरे मोल आहे ते गाडीच्या काचेतून दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते राखलेही जात नाही, असा माझा मुद्दा आहे.

आज विजयदुर्गला जाणारा पर्यटक काय करतो ते पाहा. मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडतो, पन्नासेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता कापतो, पडेल कॅन्टीनवर चहा घेतो, किल्ला दोन तासांत उरकतो, सुरमईचे ताट जेवतो आणि संध्याकाळच्या आत कुणकेश्वर किंवा मालवण गाठतो. किल्ल्यावर त्याला ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हेलियमचा शोध इथे लागला असे सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण खरे, पण ज्या लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचे नाव या गोष्टीत घेतले जाते तो त्या ग्रहणासाठी भारतात आलाच नव्हता. त्याची निरीक्षणे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली आणि इंग्लंडमधली. अशा गोष्टी चालून जातात, कारण ऐकणाऱ्याकडे थांबायला वेळ नसतो. खरी नवलाची गोष्ट मात्र किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, गिर्येच्या हद्दीत खाडीकाठी आहे. मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी, शंभर मीटरांहून लांब. भरतीच्या पाण्याने जहाज आत घ्यायचे, ओहोटीला कोरडे पडले की दुरुस्त करायचे. आंग्र्यांचे आणि पुढे धुळपांचे आरमार ज्या व्यवस्थेवर उभे होते तिचा हा जिताजागता पुरावा. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळून घेरिया, म्हणजे हाच किल्ला, घेतला, हे आपण शाळेत शिकतो. ते आरमार जिथे राबत होते ती जागा पाहायला मात्र फार थोडे जातात. किल्ला, गोदी आणि गिर्येचे रामेश्वर मंदिर ही तिन्ही एका दिवसाच्या चालीत सहज बसतात, आणि या क्रमाने चालत गेले तरच ती एकमेकांना जोडलेली दिसतात.

ही जागा मुळात आडबाजूची नव्हती, हेही विसरून चालणार नाही. कोकण किनाऱ्यावर आगबोटी धावत होत्या तोवर विजयदुर्ग, जैतापूर, देवगड ही मुंबईच्या वाटेवरची ठाणी होती. चाकरमानी बंदरावर उतरायचे आणि तिथून होडीने किंवा चालत गावी जायचे. वाघोटणच्या खाडीतून गलबते खारेपाटणपर्यंत आत जात. मग वाहतूक महामार्गाकडे सरकली, बोटी बंद झाल्या, आणि जे दार होते ते घराचे मागचे अंगण झाले. रो-रोचे स्वागत मी या कारणाने करतो: ती विजयदुर्गला पुन्हा दार करू शकते. प्रश्न एवढाच की त्या दारातून आत काय येणार. बोटीतून उतरलेल्या गाड्या धक्क्यावरून थेट मालवणच्या रस्त्याला लागल्या तर गिर्ये-पडवण्याच्या वाट्याला धूर आणि भोंगे यांपलीकडे काही येणार नाही. बोटीतून पाठीवर पिशवी घेतलेले पन्नास जण उतरले आणि तीन दिवस याच द्वीपकल्पावर राहिले तर हिशोब वेगळा होतो.

आता सड्याबद्दल, कारण सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. या किनाऱ्यावर डोंगर चढून वर गेले की सपाट, काळपट, उघडाबोडका जांभ्याचा माळ लागतो. डिसेंबरात गेलेल्याला तो जळका वाटतो, मे महिन्यात तर तापलेला तवाच. सरकारी दप्तरात त्याला ‘पडीक’ म्हणतात, आणि हा शिक्का लहानसहान नाही. गिर्ये-मुणगे परिसरात ४,००० मेगावॉटचा महाकाय औष्णिक प्रकल्प सुचवला गेला. २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या क्षेत्रात राजापूर तालुक्यातील गावांबरोबर देवगडातील गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावे होती. २०१९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला. खाडीपलीकडच्या माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुप्रकल्प योजलेला आहे. या प्रकल्पांच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलून झाले आहे, ते इथे उगाळत नाही. प्रत्येक वेळी ‘तिथे तसेही काही नाही’ हे वाक्य मात्र ठरलेले असते. त्या ‘काही नाही’मध्ये काय असते? जांभा सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला पाऊस मुरतो आणि उतारावरच्या वाड्यांच्या विहिरींना, झऱ्यांना, वहाळांना पाणी पुरवतो. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर कातळाच्या भेगांमधून दिपकाडीची पांढरी फुले वर येतात. त्यातली ‘दिपकाडी कोकणेन्स’ ही जात या पट्ट्यातल्या सड्यांखेरीज जगात कुठे नाही. श्रावण-भाद्रपदात साचलेल्या पाण्याभोवती गेंद आणि सीतेची आसवे यांचे गालिचे असतात. गुरांना चारा, शाकारणीला आणि बागेला गवत इथलेच. दुसऱ्या बाजूला चिरेखाणी सडा रोज कापून नेत आहेत आणि बागायतीसाठी सुरुंग लावून कातळ फोडला जातो आहे.

सड्याचे मोल चालणाऱ्यालाच कळते याचा सर्वांत मोठा पुरावा आहे तो कातळशिल्पांचा. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकभरात गावोगावचे सडे पायी धुंडाळले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारले, आणि शेकडो आकृत्या उजेडात आणल्या: हत्ती, मासे, मानवाकृती, ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही अशी भौमितिक चित्रे. २०२२ मध्ये कोकणातील निवडक कातळशिल्पस्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात राजापूर तालुक्यातली बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ ही ठिकाणे आहेत, म्हणजे विजयदुर्गच्या खाडीपलीकडचा मुलूख. यातली काही स्थळे डांबरी रस्त्याला अगदी लागून आहेत. त्यांच्या शेजारून वर्षानुवर्षे एसटी गेली, मंत्र्यांच्या गाड्या गेल्या, सर्वेक्षणवाल्यांच्या जीप गेल्या. ओळख दिली ती गुरांमागे चालणाऱ्या माणसाने.

पायवाट म्हणजे नव्याने खोदकाम, फरसबंदी, रेलिंग, दिव्यांचे खांब असे काही नको. ती बव्हंशी आहेच. वाडीतून सड्यावर चढणाऱ्या चिऱ्यांच्या पाखाड्या आहेत, सड्यावर गुरवाटा आहेत, कड्याखाली गरीवर मासे धरणाऱ्यांनी पाडलेल्या वाटा आहेत, खाडी ओलांडायला तर असायची. काम आहे ते जोडण्याचे: मोडलेल्या पाखाड्या जांभ्यानेच दुरुस्त करणे, सड्यावर धुक्यात दिसतील असे चुन्याचे ठिपके मारणे, निसरड्या उतारावर चार पायऱ्या बसवणे, आणि खाडीवरची होडी ठरल्या वेळी चालू ठेवणे. एका मोठ्या वाहनतळाच्या खर्चात हे सगळे होऊन वर पैसे उरतील. शिवाय चालणारा माणूस दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच जातो. त्यामुळे तो वाटेतल्या वाडीत जेवतो, पुढच्या वाडीत झोपतो, तिसऱ्या वाडीत पाण्याची बाटली भरतो आणि कोकमाचे आगळ विकत घेतो. गाडीवाल्याचा पैसा रस्त्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याच्याकडे रस्त्यालगत जागा आणि भांडवल आहे त्याच्याकडे गोळा होतो. चालणाऱ्याचा पैसा वाटेवर सांडत जातो. सड्यावरच्या वाटेला जोडून खाडीत वल्ह्याची होडी, कयाक, कांदळवनातले पक्षी, ओहोटीला खडकांवरचे जीव दाखवणारा गावातलाच मुलगा, हे सगळे आपोआप येते.

हे कागदावरचे गणित नाही. बाणकोटच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या वेळासमध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा गावाने हॉटेल बांधले नाही; माजघरे आणि पडव्या झाडूनपुसून पाहुण्यांना दिल्या. ज्या गावाकडे कोणी फिरकत नव्हते तिथे फेब्रुवारी ते एप्रिल घराघरांत पंगती बसू लागल्या, आणि कासवाचे अंडे खाण्यापेक्षा राखण्यात जास्त कमाई आहे हे सगळ्यांना उमगले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. बाहेरच्या देशांचे दाखले द्यायचे तर वेल्सने २०१२ मध्ये आपल्या सगळ्या किनाऱ्याची सुमारे १,४०० किलोमीटरची सलग पायवाट खुली केली. मला जास्त जवळची वाटते ती पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावरची ‘मच्छीमारांची वाट’. गरी टाकायला कड्यांवरून जाणाऱ्या लोकांच्या वाटा जोडून ती केली आहे, तिच्यावर वाहनांना मज्जाव आहे, आणि तिच्यामुळे उन्हाळ्यातल्या समुद्रस्नानापलीकडे वर्षाचे इतर महिनेही तिथल्या छोट्या गावांना पाहुणे मिळतात.

पहिला आक्षेप येईल तो स्थानिकांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. आम्हाला रस्ते नकोत, पूल नकोत, कारखाने नकोत, आम्ही मात्र तुमच्या फोटोसाठी पाखाड्या चढत राहायचे का? बाळंतीण रात्री देवगडच्या रुग्णालयात कशी न्यायची? हा राग समजण्यासारखा आहे, कारण कोकणाच्या शांततेचे गोडवे गाणारे बहुतेक जण रविवारी संध्याकाळी परत जाणारे असतात. पण पायवाटेची मागणी रस्त्याच्या जागी केलेली नाही. गावाला जोडणारा चांगला डांबरी रस्ता, वेळेवर येणारी एसटी, रुग्णवाहिका, हे नागरिक म्हणून त्यांचे हक्क आहेत. ते पर्यटकांच्या नावाने मागावे लागणे हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. मी वाद घालतो आहे तो पर्यटन म्हणून जो वेगळा पैसा येतो त्याच्या वापराबद्दल. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीला विमानतळही झाला. तरीही जिल्ह्याचे पर्यटन प्रामुख्याने मालवण-तारकर्ली या पट्ट्यात एकवटले आहे, आणि तिथे मे महिन्यात आणि नाताळात पाऊल ठेवायला जागा नसते. देवगडच्या या टोकाला तोच साचा वापरला तर पंचवीस वर्षांनी दुसरी तारकर्ली मिळेल, तीही पहिलीपेक्षा लांबची आणि थोडी महाग. नोकऱ्यांबद्दल म्हणाल तर पायवाट कारखान्याइतका रोजगार देणार नाही, हे मान्य. पण देवगडच्या हापूसचा हंगाम मार्च ते मे एवढाच, आणि अवेळी पावसाने तोही दिवसेंदिवस बेभरवशाचा होतो आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालण्याचा हंगाम. बागायतदाराच्या घराला बागेच्या रिकाम्या महिन्यांत येणारे उत्पन्न हे त्याने बाग विकण्यापेक्षा टिकवण्याच्या बाजूचे एक कारण ठरते.

मराठी माणूस चालेल का, हा दुसरा प्रश्न फार वेळ घेण्याजोगा नाही. जो समाज आषाढात पंढरपूरला चालत जातो, नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालतो आणि दर पावसाळी रविवारी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर रांगा लावतो, त्याला चालायला शिकवावे लागत नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत घरोघरी पिठलं-भाकरी मिळते ती अशाच पावलांमुळे. उन्हाचे म्हणाल तर मार्च ते मे सड्यावर दुपारी कोणी जाऊच नये. तेवढे महिने वाट विसावली तर बिघडत नाही.

खरी अडचण बागायतदाराची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारी कोणतीही योजना पहिल्याच गडग्याला अडेल. सड्याच्या कडेने कलमांच्या बागा आहेत, त्यांना जांभ्याचे गडगे आहेत, आत राखणदार आहेत. अनोळखी माणसे बागेतून जाऊ लागली तर फळ जाईल, कोणी विडी टाकली तर डिसेंबरनंतर वाळलेल्या गवताला वणवा लागेल, मोहरावर फवारणी चालू असताना कोणाला त्रास झाला तर जबाबदार कोण? या शंका खोट्या नाहीत. त्यांची उत्तरे मात्र अवघड नाहीत: वाट बागेच्या बाहेरून, गडग्याला धरून न्यावी, जिथे आतूनच जाणे भाग आहे तिथे माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत असे कवाड असावे, फवारणीच्या दिवशी आणि फळ उतरवायच्या महिन्यांत तो तुकडा बंद ठेवण्याचा अधिकार मालकाचा असावा, आणि गडगा व वाट यांच्या देखभालीचा मोबदला त्यालाच मिळावा. याहून किचकट भाग सातबाऱ्याचा. इथल्या जमिनी सामायिक. एका गटावर तीस-चाळीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वारलेली. प्रत्येकाची सही घेत बसलो तर वाट पुढच्या पिढीतही होणार नाही. म्हणून जमीन संपादन करण्याच्या भानगडीत न पडता जुन्या वहिवाटीची नोंद करणे हाच मार्ग आहे. महसूल कायद्याला हे परके नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांच्या आधारे तहसीलदार शेतावर जाण्याच्या वाटांचे तंटे रोज सोडवत असतात. पायी फिरणाऱ्यासाठी ती कलमे लिहिलेली नाहीत, त्यामुळे राज्याला त्यात स्पष्ट तरतूद घालावी लागेल. पण रुजलेली वाट मालक अडवू शकत नाही हे तत्त्व आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे. आणि हे आताच करायला हवे. रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या, रो-रोच्या बातम्यांबरोबर किनाऱ्याच्या जमिनीचे व्यवहार वाढतात, नवा मालक चिऱ्यांच्या गडग्याच्या जागी दहा फुटी भिंत घालतो, आणि गावाची समुद्राकडे जाणारी वाट भिंतीआड जाते. अलिबाग परिसरात हे होऊन गेले आहे.

उरतो तो निसर्गप्रेमींचा आक्षेप, की वाट केली की गर्दी येणार, मग सडा कसला आणि शांतता कसली. कासच्या पठाराचे उदाहरण समोर आहे: जागतिक वारशाचा मान, मग लोंढे, मग कुंपण, आगाऊ नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा. पण कास हे एका टोकावर गाडीने पोहोचता येणारे एकच ठिकाण आहे. गर्दी तिथे साचते ती गाडी दारापर्यंत जाते म्हणून. तीस-चाळीस किलोमीटर लांबीची वाट, जिच्या प्रत्येक टप्प्याला अंगमेहनत लागते, ती माणसांना पांगवते. संख्येवर लगाम हवाच असेल तर तो वाडीत झोपायला किती खाटा आहेत यानेच पडतो, आणि तो आकडा ग्रामसभेच्या हातात राहू शकतो. ज्या जागेची कोणाला ओळखच नाही तिच्या बाजूने उभे राहायलाही कोणी नसते, हे चिरेखाणींकडे पाहून आतापर्यंत कळायला हवे होते.

सुरुवात करायला मोठा आराखडा, सल्लागार कंपनी किंवा भूमिपूजन लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या गावनकाशांवर पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. विजयदुर्ग ते वाडा या पट्ट्यातल्या गावांचे नकाशे एका टेबलावर जोडून ठेवायचे, त्या रेषा आज जमिनीवर कुठे चालू आहेत आणि कुठे भिंतीखाली गेल्या आहेत हे पोलीस पाटील, गुराखी आणि शाळेतली मोठी मुले यांच्याकडून चालत जाऊन तपासायचे, आणि निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवायचा. देवगडच्या तहसीलदारांना हे येत्या पावसाळ्याच्या आधी करता येईल. तोवर धक्क्यासमोरच्या वाहनतळाची निविदा थांबली तर कोणाचे काही अडणार नाही.